दोन मेमसाहेब आणि एक लंगडी कोंबडी

पुस्तकं वाचायची आवड असलेल्या माणसाने बाइंडरच्या धंद्यात पडू नये. फर्मा हातात घेतला, सहज दोन ओळी वाचल्या, मग पुढच्या चार वाचल्या, की तोवर खळ वाळते, दोरा गुंततो आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. इचलकरंजीला मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो, ते उस्ताद तर कुणी वाचताना दिसला की डोक्यात फूटपट्टी घालायचे. 'तुला शिवायला ठेवलाय, अभ्यासाला न्हाई,' म्हणायचे. मी ते इतकं मनावर घेतलं की सगळी हयात पुस्तकांत काढूनही धड एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. दोन मेमसाहेबांनी माझा हा नेम मोडला. त्या दोघी कधीच्याच वारल्या आहेत, पण त्यांच्यामुळे मला बहरीनमधल्या रिफ्यात भर उन्हात गाडी चालू ठेवून पंच म्हणून बसावं लागलं, ती ही हकिकत.

माझं दुकान मनामात, बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत. एका अंगाला सोनार, दुसऱ्या अंगाला अबायावाला, मधे मी. सोनाराकडे गर्दी, अबायावाल्याकडे गर्दी, आणि माझ्याकडे त्या दोघांच्या गिऱ्हाइकांचे कंटाळलेले नवरे बसायला येतात. तरी काम असतं. विद्यापीठाचे प्रबंध, कंपन्यांच्या जाडजूड फायली, शाळेची फाटकी पुस्तकं. आणि अधूनमधून असं एखादं गिऱ्हाईक येतं की संध्याकाळी घरी जाऊन सांगायला काही मिळतं.

एक बहरीनी कवी आले. त्यांना अस्सल चामड्यात, सोनेरी अक्षरांत कवितासंग्रह बांधून हवा होता. कविता एकच होती. बाकीची पानं कोरी घाल म्हणाले. मी विचारलं, बाकीच्या कविता? म्हणाले, इंशाल्ला. अजूनही ते वर्षातून एकदा येतात, चामड्याला तेल लावून घेतात, चहा पितात आणि जातात. कविता अजून एकच आहे.

दुसरे एक पुण्याचे बँकवाले. आईच्या पाककृती आणि सासूबाईंच्या पाककृती एकाच पुस्तकात बांधायच्या होत्या, पण पुढे कोण आणि मागे कोण यावर घरात एकमत होईना. मला बिचाऱ्यांची दया आली. मी दोन्हीकडून उघडणारं पुस्तक करून दिलं. सरळ धरलं की आई, उलटं धरलं की सासूबाई. फक्त मधोमध दोघींची पुरणपोळी समोरासमोर आली. त्या पानाशी घरात अजून तणातणी होते असं ऐकून आहे.

आता धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुन्या पुस्तकात पानं सुटी नसतात. एक मोठा कागद छापून घड्या घालतात, त्याची सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणायचं. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक ठेवून घडीतून दोऱ्याने शिवले की पुस्तक होतं. ही जुजबंदी. फर्म्यांचा क्रम चुकू नये म्हणून छापखानेवाले प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक बारीक अक्षर छापत, ए, मग बी, मग सी. वाचणाऱ्याचं त्या अक्षराकडे लक्षही जात नाही. बाइंडरला पानावर तेवढंच दिसतं. अक्षरं ओळीने लागली, पानांचे आकडे जुळले, की आमच्या दृष्टीने पुस्तक खलास, म्हणजे तयार.

तर एके सकाळी दुकानासमोर मोठी गाडी थांबली आणि उम्म खालिद उतरल्या. मुलाच्या नावाने आईला हाक मारायची ही इथली रीत. वयाने सत्तरीच्या पुढे, वरून काळा अबाया, खाली मलायी फुलाफुलांचा झगा. मूळच्या मलायातल्या, बहरीनी माणसाशी लग्न करून तरुणपणीच इथे आलेल्या. हिंदी त्यांनी ड्रायव्हर आणि स्वयंपाकी यांच्याकडून शिकलेली, त्यामुळे सगळी वाक्यं हुकमी. त्यांनी रेशमी रुमालातून एक इंग्रजी पुस्तक काढलं. पाठ सुटलेली, पुठ्ठे लोंबकळणारे, दोरा कुजलेला.

"कांबळी, ये मेरा दादा का पापा का किताब है," त्या म्हणाल्या.

पुस्तक पणजोबांनी लिहिलेलं नव्हतं, पणजोबा पुस्तकात होते. इंग्रजांच्या राज्यात त्यांच्या गावी एक मेमसाहेब आली होती, फुलांची चित्रं काढणारी, बिनलग्नाची. काही आठवडे राहिली, चित्रं काढली, विलायतेला जाऊन पुस्तक लिहिलं. उम्म खालिदचे पणजोबा त्या गावचे पंघुलू, म्हणजे आपल्याकडचे पाटील. चित्रकार बाईने त्यांचं भरभरून कौतुक केलं होतं. काय ते राजबिंडं रूप, काय ती अदब, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी डोळ्यांत पाणी आणून आपली लाडकी पांढरी कोंबडी बाईला भेट दिली. बाईने गहिवरून आपली रेशमी छत्री त्यांना दिली. त्या छत्रीची मूठ अजून रिफ्यातल्या बंगल्यात काचेच्या कपाटात आहे.

"हिरवं चामडं लाव," उम्म खालिद म्हणाल्या. "नातीच्या सासरची मंडळी जेवायला येणार आहेत. मला ते पान काढून दाखवायचंय."

चारच दिवसांनी दुसऱ्या एक बाई टॅक्सीने आल्या. बारीक चणीच्या, हसऱ्या, झगा तसाच फुलाफुलांचा. जमीलाबाई. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मी चाट पडलो. तोच आकार, तोच कागद, तोच छापखाना, तीच कुजलेली पाठ. मेमसाहेब मात्र वेगळी. ही होती त्याच जिल्ह्यातल्या इंग्रज साहेबाची बायको. त्याच गावाबाहेर गळक्या छपराच्या बंगल्यात वर्षानुवर्षं राहिलेली. हिला गावात एक गोष्ट धड दिसली नव्हती. माणसं आळशी, डास मोठे, पाऊस फार, आणि सकाळ झाली की कुणीतरी पायरीवर येऊन बसणार आणि दिवसभर हिच्याकडे टकमका बघणार. आणि तो म्हातारा पंघुलू म्हणजे पक्का लबाड.

"म्हणजे उम्म खालिदचे पणजोबा ते तुमचेही पणजोबा?" मी विचारलं.

"हो. तेच ते," जमीलाबाई आनंदाने म्हणाल्या. "उम्म खालिद माझी काक. थोरली बहीण."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. काकच्या पहिल्या बाळंतपणाला म्हणून त्या बहरीनला आल्या आणि मेहुण्यांच्या मित्राशी लग्न करून इथेच राहिल्या. दोघींची घरं रिफ्यात, चार गल्ल्यांच्या अंतरावर. पण कित्येक वर्षांत बोलणं नाही. कारण कोंबडी. एका ईदच्या जेवणाला काकच्या लेकीच्या सासरची बडी मंडळी आली होती. काकने छत्रीची मूठ दाखवून पणजोबांच्या दिलदारपणाची गोष्ट सांगितली. त्यावर जमीलाबाईंनी आपल्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. पणजोबांनी साहेबाच्या बायकोला वाजतगाजत कोंबडी भेट दिली. तिने बदल्यात बिस्किटांचा डबा दिला. कोंबडी संध्याकाळी आपल्या पायाने पणजोबांच्या घरी परत गेली. पुढच्या महिन्यात पणजोबा पुन्हा कोंबडी घेऊन हजर. असं तीनदा. पाहुण्यांना इतकं हसू आलं की एकाच्या नाकात भात गेला. काक उठून आत गेली ती जमीलाबाईंच्या आयुष्यातून गेलीच. आता मॉलमध्ये समोरासमोर आल्या तर ढकलगाड्या वळवतात.

"ती म्हणते, त्या साहेबिणीचं पुस्तक खोटं आहे. उघडून बघितलंसुद्धा नाही. मग मी तरी तिचं कशाला वाचू?" जमीलाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझे मिस्टर गेले. मुलगा मलायात बोलावतोय. या महिन्याच्या शेवटी मी जाणार, कायमची. या वयात परत येणं होत नाही. पुस्तक तेवढं नीट बांधून दे. आणि काकला सांगू नको मी आले होते."

मला वाईट वाटलं. म्हणजे खरंच वाटलं. माझाही एक भाऊ गावाकडे आहे आणि आमचंही बांधावरून वर्षभर बोलणं नव्हतं. पण बाइंडर काय करणार. मी तपकिरी कापडाचा नमुना दाखवला, त्यांना आवडला, त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी उम्म खालिद कामाची चौकशी करायला आल्या. कपाटातल्या सगळ्या पुठ्ठ्यांवरून नजर फिरवली. "इथे कुणी मलाय बाई आली होती?"

मी शब्द दिला होता. "मफी," म्हणालो, म्हणजे कुणी नाही.

"ती कधी जाणार आहे, काही म्हणाली?"

"कोण, मॅडम?"

"कुणी नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

एकाच मापाची दोन कामं एकदमच काढावीत. पुठ्ठे एका झटक्यात कापून होतात. मी दोन्ही पुस्तकं खोलली, जुनी खळ खरवडली आणि फर्म्यांचे दोन ढीग टेबलाच्या दोन टोकांना ठेवले. त्यात कुठेही माझी चूक नव्हती. रात्रीतून वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी छतातून झिरपलं आणि सकाळी बघतो तर दोन्ही ढीग ओलसर. सगळं टॉवेलात गुंडाळून गुदैबिया भागातल्या आमच्या फ्लॅटवर नेलं आणि बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधून फर्मे वाळत घातले. खिडकीकडची दोरी चित्रकार बाईची, फ्रिजकडची साहेबाच्या बायकोची. माझी बायको सुनंदा दवाखान्यात रिसेप्शनला असते. ती घरी आली आणि वाकून, सरपटत स्वयंपाकघरात गेली.

"अवो, पापड म्हणू का काय म्हणू ह्येला?" ती आतून म्हणाली. "आज मीटिंग हाय आपल्याकडं, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात नव्हतं. आमची चौदा एप्रिलची जयंती इथे हॉल मिळेल त्या सुट्टीच्या वारी होते, त्यामुळे एप्रिल उलटून गेला तरी बैठका चालूच असतात. मी धावत खाली समोसे आणायला गेलो. परत आलो तर दोऱ्या रिकाम्या. कमिटीची पाच माणसं खुर्च्यांवर सुखाने बसलेली आणि टेबलावर दोन चौकोनी, देखणे गठ्ठे. कमिटीत सगळे कारखान्यांतले टेक्निकल लोक. वाघमारे तर इन्स्ट्रुमेंट विभागातले, त्यांच्या घरी चमचेसुद्धा मापाप्रमाणे लावलेले असतात.

"काळजी करू नका," वाघमारे म्हणाले. "खालची अक्षरं बघून सगळं सीरियलमध्ये लावलंय. क्वालिटी चेक पण झालाय. एक माणूस वाचून दाखवत होता, दुसरा टिक करत होता."

फर्मे कोरडे होते. मी दोन्ही गठ्ठे स्वतः तपासले. वर दोन वेगवेगळी नावाची पानं. पुढे ए, बी, सी, डी, एकही अक्षर गळलेलं नाही. पानांचे आकडे सलग. मी समाधानाने समोसे वाढले.

पुढचं काम सुरेख झालं हे मी आजही सांगतो. जुजबंदी घट्ट, पाठ गोल, एक पुस्तक हिरव्या चामड्यात, एक तपकिरी कापडात. शिवताना सुट्टीच्या दिवशी सुनंदा मदतीला होती. तिला वाचायची खोड आहे.

"ह्या बाईला हिवताप आलावता काय?" ती म्हणाली. "आत्ता म्हनली, गावची मानसं लई देवमानसं. पान उलटलं तर म्हनती, चोर हायत."

"मेमसाहेब होती," मी म्हणालो. "हवा सोसली नसेल. दोरा ओढ."

दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी उम्म खालिदचा फोन आला.

"कांबळी, मेरा बाई पागल हो गया."

मला वाटलं घरातली मोलकरीण. म्हणून मी दवाखान्याचं नाव सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं आणि पुस्तकातलं वाचून दाखवलं. चित्रकार बाई सांगत होती की म्हाताऱ्या पंघुलूने डोळ्यांत पाणी आणून कोंबडी माझ्या हातात दिली, आणि मी भारावून त्याच्याकडे पाहत, इथे पान संपलं, आणि पुढच्या पानावर, सोटा उगारला तेव्हा कुठे ती पायरीवरची माणसं उठली. नातीच्या सासऱ्यांसमोर उम्म खालिदनी हे मोठ्याने वाचलं होतं.

फोन ठेवतो तोच जमीलाबाईंचा. त्या मात्र खुशीत होत्या. "कांबळी, माझी साहेबीण सुधारली. एवढी कटकटी बाई, आणि इथे म्हणते, त्या दुष्ट म्हाताऱ्याने पुन्हा एकदा चांदण्यात माझ्यासाठी बासरी वाजवली. हे आधी नव्हतं. तू घातलंस का?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी स्टुलावर बसलो. वाघमारेंना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "एकाच पुस्तकाच्या दोन कॉप्या होत्या ना? प्रत्येक अक्षर दोनदा येत होतं. नावाची पानं न वाचताच वर ठेवली, मग आम्ही एक इकडे, एक तिकडे, असं समान वाटून टाकलं." दोरीवरून काढताना जो फर्मा हाताला आधी लागला तो उजवीकडे, नंतरचा डावीकडे. दोन्ही मेमसाहेब अशा बेमालूम वाटल्या गेल्या होत्या की दोघींपैकी एकीचंही पुस्तक आता एका घरात नव्हतं.

जमीलाबाईंचं विमान दोन दिवसांवर. दोन्ही पुस्तकं परत आणून, उसवून, पुन्हा बांधायला तेवढा वेळ नव्हता. निदान कुणाची पानं कुणाकडे गेली ते तरी बघून घेऊ म्हणून मी सुनंदाला बरोबर घेतलं, जमीलाबाईंना पुस्तकासकट गाडीत बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या, पण गाडी काकच्या गल्लीत वळली तसं हसू ओसरलं.

"मी आत येणार नाही," म्हणाल्या. "तिने बोलावलं तरी नाही. आणि ती बोलावणार नाही."

मी फाटकातून आत गेलो. उम्म खालिद दिवाणखान्यात हिरवं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या, आधी हिंदीत, मग अरबीत, आणि मलायी सुरू झाल्यावर मी मान खाली घातली. शेवटी म्हणाल्या, "विचार तिला, माझं पासष्टावं पान तिच्याकडे आहे का."

मी बाहेर गेलो. जमीलाबाई म्हणाल्या, "आहे. तिला म्हणावं, माझं पासष्टावं तिच्याकडे असेल."

मी आत गेलो. "मग पुढे काय लिहिलंय, विचार."

मी बाहेर आलो. "तिला म्हणावं, स्वतः येऊन वाच."

रिफ्यात मे महिन्याच्या उन्हात फाटक ते दिवाणखाना हे अंतर फार वाटतं. मी पाचव्यांदा आत गेलो तेव्हा माझा शर्ट अंगाला चिकटला होता. उम्म खालिदनी माझ्याकडे बघितलं, पुस्तक उचललं आणि चालू लागल्या. थेट येऊन गाडीचं मागचं दार उघडलं आणि धाकट्या बहिणीच्या शेजारी बसल्या. बहिणीकडे न बघता.

एसीसाठी इंजिन चालू ठेवणं भाग होतं, म्हणून मी स्टिअरिंगवर. शेजारी सुनंदा. मागे दोघी पुस्तकं उघडून बसलेल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. पुस्तकातलं इंग्रजीत वाचायचं, भांडण मलायीत करायचं आणि मग मला पंच म्हणून हिंदीत सांगायचं, अशी पद्धत आपोआप पडली.

आधी जमीलाबाईंनी चित्रकार बाईचं वाचलं. ती पांढरी कोंबडी डावा पाय ओढत चालत असे आणि तिच्या शेपटीत एकच काळं पीस होतं. बाईने तिचं चित्रही काढलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी नाहीशी झाली, बहुधा सापाने नेली असावी, आणि बाईला फार दुःख झालं.

मग उम्म खालिदनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या बायकोचं पुस्तक वाचलं. ते नाकाच्या टोकावरच्या चष्म्यातून, तोंड मुरडून. तिसऱ्यांदा तीच कोंबडी घेऊन म्हातारा आला, असं तिने लिहिलं होतं. तीच हे कशावरून? तर डावा पाय ओढत चालणारी पांढरी कोंबडी, शेपटीत एक काळं पीस.

सुनंदाने माझं मनगट दाबून धरलं.

"कांबळी," उम्म खालिद म्हणाल्या. "तू सांग. किती झालं?"

"मॅडम, मी काय सांगणार."

"तीन डबा," त्याच म्हणाल्या. "और एक छत्री."

आणि हसू लागल्या. बाईंना हसताना मी कधी बघितलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग डोक्यावरची ओढणी घसरली, मग त्यांनी बहिणीच्या हाताचा आधार घेतला. जमीलाबाई हसतही होत्या आणि रडतही होत्या. सुनंदा तर खिडकीला कपाळ टेकवून हुंदके दिल्यासारखी हसत होती. रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीने हळू होऊन आमच्याकडे बघितलं.

त्यानंतर त्यांनी बरंच वाचलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की एकच गाव दोन बायका किती वेगळं लिहू शकतात. चित्रकार बाई पाहुणी. तिच्यासाठी गावाने ठेवणीतले कपडे काढले, अंगण झाडलं. साहेबाची बायको गावाला रोजची झालेली. तिच्यासमोर लोक कान कोरायचे. माझा मेहुणा इथे आठ दिवस राहून गेला तो अजून गावात बहरीनवर भाषणं देतो, आणि मी इतकी वर्षं राहून मला सांगायला एसीचं पाणीच आठवतं.

पायरीवर बसणाऱ्या लोकांचं पान आलं. चित्रकार बाईने लिहिलं होतं, इंग्रज बाईच्या पायरीवर गावकरी किती निवांत बसतात, चित्रच जणू. साहेबाच्या बायकोने लिहिलं होतं, पाच वर्षांत मला एक दिवस एकटं राहू दिलं नाही, काय बघतात देव जाणे.

उम्म खालिदनी पुस्तक मिटलं. "दोघींना कळलं नाही," त्या म्हणाल्या. "आजीने मला सांगितलं होतं. तू लहान होतीस. साहेब महिना महिना दौऱ्यावर जायचा. पणजोबा म्हणाले, बाई परक्या मुलखात एकटी आहे, आई नाही, बहीण नाही. तिला एकटं ठेवायचं नाही. त्यांनी गावाला पाळी लावून दिली होती. रोज एका घराने जाऊन बसायचं. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं बसायचं."

जमीलाबाईंनीही आपलं पुस्तक मिटलं.

"तुझ्याकडे कोण येतं बसायला?" काकने विचारलं. हे त्यांनी का कोण जाणे, हिंदीतच विचारलं.

"कोणी नाही," जमीलाबाई म्हणाल्या.

मी उगाच आरशाची दिशा बदलली. मागून उम्म खालिदचा हुकमी आवाज आला, "सामान बांधायचं किती राहिलंय? कांबळी, गाडी चालव. यल्ला, हिच्या घरी."

ते दोन दिवस उम्म खालिद बहिणीच्या घरी ठाण मांडून होत्या असं त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. सामान बांधण्यापेक्षा भांडणच जास्त झालं म्हणे. मी दोघींना निरोप दिला होता की पुस्तकं इथेच ठेवा, मी दोन्ही उसवून पुन्हा फुकट बांधून देतो, जमीलाबाईंचं कुरियरने पाठवतो, माझ्या हातून असं काम गेलं हे मला झोपू देत नाही. उत्तर उम्म खालिदकडून आलं. पुस्तकाला हात लावशील तर बघ. तपकिरी पुस्तक जमीलाबाईंबरोबर मलायात गेलं, हिरवं रिफ्यात राहिलं. दोन्हींत दोन्ही मेमसाहेब, अर्ध्या अर्ध्या. आता काकला सोळा पानं वाचून झाली की पुढच्या सोळांसाठी बहिणीला फोन लावावा लागतो. वाघमारे हे सगळं ऐकून म्हणाले, म्हणजे डिझाइन सक्सेसफुल झालं. त्यांना मी समोसे देणं बंद केलं आहे.

माझ्या हातची सगळ्यांत सफाईदार बांधणी आणि सगळ्यांत चुकलेलं पुस्तक ही एकच आहेत, याची मला खंत आहे आणि थोडा अभिमानही. हल्ली लोक स्पायरल करून नेतात, नाहीतर फोनमध्येच वाचतात, जुजबंदीचं काम महिन्यातून एखादं येतं. जे येतं त्यातला एक फर्मा तरी मी शिवायच्या आधी वाचतो. उस्ताद असते तर फूटपट्टी घेऊन आले असते.

उम्म खालिद अजून दर गुरुवारी दुकानात येतात. येताना बिस्किटांचा मोठा डबा आणतात, गंभीर चेहऱ्याने काउंटरवर ठेवतात, म्हणतात, "कांबळी, ये तुम्हारे लिए." मी दोन्ही हातांनी स्वीकारतो, शुक्रन म्हणतो. जाताना त्या तो डबा घेऊन जातात. पहिल्यांदा मी चक्रावलो होतो, आता मीच पिशवीत घालून देतो.

गेल्या गुरुवारी त्यांनी फोन माझ्या पुस्तकं दाबायच्या शिकंज्याला टेकवून उभा केला होता. तिकडे जमीलाबाई ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. इकडे ह्या स्टुलावर बसून गल्लीतली रहदारी बघत होत्या. कुणीच बोलेना. बराच वेळ झाला तेव्हा मला वाटलं फोन लटकला.

"मॅडम, आवाज बंद पडला काय?"

"नहीं. सब ठीक है."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बोलना क्या है? आज मेरा बारी है."

मी खळ ढवळत राहिलो. तिकडच्या शेंगा संपल्यावर उम्म खालिद उठल्या, फोन उचलला, डबा उचलला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, यल्ला.